अभ्यासिकेतला अंधार आणि चष्म्याचा नंबर

महोदय,

सदाशिव पेठेत माझे चष्म्याचे छोटे दुकान आहे. परीक्षा जवळ आल्या की संध्याकाळी स्पर्धा परीक्षेची मुले येतात आणि बहुतेकांचे म्हणणे एकच, “काका, नंबर वाढलाय वाटतं.”

मागच्या महिन्यात परभणीकडची एक मुलगी आली. डोळे लाल, कपाळ ठणकतेय, चार ओळी वाचल्या की अक्षरे पुसट. तपासले तर नंबर दोन वर्षांपूर्वीचाच, मायनस १.२५. बसतेस कुठे, विचारले आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम ती अभ्यासिका बघून आलो. प्लायवूडचे कप्पे. एसीसाठी पडदे ओढलेले. ट्यूब पाठीमागच्या भिंतीवर, म्हणजे वहीवर आपल्याच डोक्याची सावली. नोट्सच्या पीडीएफ मोबाइलवर, ब्राइटनेस पूर्ण. भरदुपारी ओळीने निळसर चेहरे! मालक म्हणाले, “सगळे मोबाइलवरच वाचतात, लाइट कशाला?”

गोम तिथेच आहे. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते आणि मग नंबरातला जरासा फरकही जाणवू लागतो. समोर झगझगीत स्क्रीन, भोवती काळोख. मोबाइलवरून वहीकडे पाहिले की डोळ्याने दर वेळी नव्याने जुळवून घ्यायचे. एरवी मिनिटाला १५-२० वेळा लवणाऱ्या पापण्या स्क्रीनपुढे निम्म्यावर येतात, त्यात एसीची कोरडी हवा. ‘अंधारात वाचू नको, डोळे जातील’ असे आजी म्हणायची. जात नाहीत, पण रात्री आठनंतर वाचायच्या लायकीचेही राहत नाहीत.

आता आमच्या धंद्याचे. अशा वेळी ‘ब्लू कट’, म्हणजे स्क्रीनचा निळा प्रकाश गाळणारी काच गळ्यात मारणे सोपे असते, चार पैसे जास्त सुटतात. मीही विकल्या आहेत. पण २०२३ मध्ये वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने १७ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा साध्या काचेपेक्षा या काचेने डोळ्यांचा थकवा कमी होतो असे काही दिसले नाही. तेव्हापासून कोणी मागितली तरच देतो. या मुलीला तर नकोच म्हटले. उजेड बघ, दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर लांब बघ आणि तरी दुखत राहिले तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, एवढेच सांगितले.

उजेड महाग आहे म्हणावे तर २० वॅटची एलईडी ट्यूब ५० तास जळते तेव्हा कुठे एक युनिट होते. रोज १२ तास लावली तरी महिन्याला सव्वासात युनिट. दरमहा फी घेणाऱ्या अभ्यासिकांना प्रत्येक टेबलावर, डोक्याची सावली पडणार नाही असा दिवा देणे जड जाऊ नये. आपल्या वृत्तपत्राने हा विषय लावून धरावा, ही विनंती.

मुलीने बुधवार पेठेतून चिमट्याचा लॅम्प आणला होता. तो सध्या माझ्या काउंटरवर आहे. अभ्यासिकेत जादा प्लग लावायला मनाई आहे म्हणे.

— एक चष्मेवाला, पुणे