खोली ठरवली आहे

ऐरोली

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बाबा विषय बदलतात आणि आई 'यांनाच विचार' म्हणते, म्हणून लिहितेय. दिवाळी झाली की तुम्ही दोघांनी इकडे यायचं. बाबांची एचआयव्हीची औषधंही इकडच्याच एआरटी सेंटरमधून घेऊ, तिथल्या ताईंशी बोललेय मी. न विचारता ठरवलं, खरं आहे. पण विचारलं असतं तर 'बघू' म्हणाला असतात, आणि तो व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तातला विषाणू वाढल्याचा, रिपोर्ट आल्यावर 'बघू' ऐकायचा धीर माझ्यात नाही.

एखादी गोळी चुकल्याने काय होतंय, म्हणता ना बाबा? तुम्ही सातबाऱ्याच्या नकला हाताने लिहायचात, आकडा चुकला तर कागद फाडून पुन्हा पहिल्यापासून. हा विषाणूही पेशीत शिरला की आधी नक्कल काढतो, पण ती काढणारं त्याचं एन्झाइम चुका तपासत नाही. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडीन त्याचं लिखाण मध्येच तोडतात. तरी एखादी नक्कल पुरी झालीच, तर डोल्युटेग्राव्हिर तिची नोंद आपल्या डीएनएत होऊ देत नाही. तिन्ही तुमच्या एकाच गोळीत आहेत. रक्तात औषध कमी पडलं की नकला पुन्हा निघू लागतात, आणि त्यातली एखादी चुकलेली नेमकी औषधाला न जुमानणारी निघते. लॅमिव्हुडीन निष्प्रभ व्हायला त्या एन्झाइमच्या 184व्या जागेवरचा एकच बदल पुरतो. 1987 साली झिडोव्हुडीन हे पहिलं औषध आलं, ते एकटंच द्यायचे, तेव्हा हेच व्हायचं. 1996च्या सुमारास तीन औषधं एकत्र द्यायला लागले ते त्यासाठीच.

घाबरू नका. डोल्युटेग्राव्हिरला चकवणं विषाणूला सहज जमत नाही. तीन महिने गोळी नीट घेऊन लोड पुन्हा तपासायचा, खाली आला तर औषध बदलायचंही कारण नाही.

पाहुणे आले की डबी तांदळाच्या डब्यात जाते, हे आईने सांगितलेलं नाही, मीच पाहिलंय. रागावले नाहीये. आत्याकडचा तो वेगळा पेला मीही विसरले नाही. इथे शेजारी कुणाच्या घरात डोकावत नाहीत (आईला हे आवडणार नाही, माहितेय).

खोली तळमजल्यावर आहे. संडास खुर्चीचा, गरम पाण्याला गिझर, पेपर सकाळी दारात. देव्हाऱ्याला पूर्वेची भिंत मोकळी ठेवलीय. चार पावलांवर बाग आहे आणि बाकावर तुमच्या वयाची मंडळी राजकारणावर भांडत असतात, बाबांचं छान जमेल.

लहानपणी मला ताप आला की कडू गोळी गुळात दाबून द्यायचात आणि 'आ कर' म्हणून गिळली का ते बघायचात. आता मी बघणार.

तोवर ऐका. बाबा, जेवणानंतरचं ते ॲसिडिटीचं गुलाबी औषध गोळीबरोबर अजिबात नको, ते डोल्युटेग्राव्हिर अंगात शोषू देत नाही. गोळी घेतल्यावर दोन तासांनी चालेल. आधी घेतलं असेल, तर गोळीला सहा तास थांबावं लागेल, म्हणून आधी घेऊच नका. शुगरच्या डॉक्टरांनाही या गोळीचं सांगा. तिच्यामुळे मेटफॉर्मिन रक्तात वाढतं, डोस बघावा लागतो. लाज वाटत असेल तर मी बोलते, पण लपवायचं नाही.

आई, तू आता यांच्या बाजूने बोलू नकोस. येताना महिन्याच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेव, सामानात नको. लोणच्याची बरणी सामानात चालेल.

तुमची,
मनू