बाणस्तारीच्या पायलट काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही, त्या दिवशी विचारायचं राहूनच गेलं. त्यानंतर दोनदा बाणस्तारीला येऊन गेले, मार्केटाजवळ उभ्या असलेल्या दोघातिघांना विचारलंसुद्धा, पण पिवळ्या मडगार्डची काळी मोटारसायकल आणि साठीच्या आसपासचे मिशीवाले गृहस्थ, एवढ्या वर्णनावर गोव्यात मोटारसायकलवरून भाड्याने माणसं नेणारा पायलट शोधायचा म्हणजे मासळी मार्केटात जाऊन ताजे बांगडे कोणाकडे आहेत विचारण्यासारखं, सगळ्यांकडेच असतात. म्हणून इथे लिहितेय. तुम्ही वाचाल की नाही माहीत नाही, पण तुमच्या घरात कोणीतरी मोबाईल बघत असेलच, त्याने वाचून दाखवावं.

जानेवारीतला रविवार, सकाळचे सात वाजून गेले असतील. निळी सायकल झाडाला टेकवलेली आणि हेल्मेटखाली स्कार्फ बांधलेली एक बाई रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसून रडतेय. ती मी.

का रडत होते ते तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून आता सांगते. मला मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे. ऑपरेशन झालं, आता केमो चालू, दर पंधरा दिवसांनी एक अशा 12. केमोच्या फेरीला पण सायकलच म्हणतात, त्यामुळे आमच्या घरी 'कितवी सायकल?' म्हटलं की आधी कुठली ते विचारावं लागतं. त्या रविवारी आठवी होऊन दहा दिवस झाले होते. ह्या केमोत ऑक्सालिप्लॅटिन नावाचं एक औषध असतं, त्याचं आणि थंडीचं वैर. फ्रीजमधली दुधाची पिशवी हातात घेतली की बोटांत सुया घुसतात, गार पाण्याचा घोट घेतला की घसा असा आवळतो की श्वास अडकला असं वाटतं. पहिल्या दोन-तीन केमोंना चार-पाच दिवसांत जायचं, मग जशा फेऱ्या वाढल्या तसं ते राहायलाच लागलं. आता ब्लाउजचे हूक नवरा लावतो, बोटांना कळतच नाही हूक कुठे आणि घर कुठे.

मग अशा अवस्थेत सायकल कशाला, हा प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारला की मी मोजायचं सोडून दिलं. आजार निघायच्या आधी पाच-सहा वर्षं मी सायकल चालवतेय, रेस-बिस नाही, फोंडा ते सावईवेरे आणि परत, एवढंच. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात केमोला बसते तेव्हा बाजूच्या खुर्चीवर कधी काणकोणचे आजोबा असतात कधी सत्तरी तालुक्यातली माझ्याच वयाची बाई, आणि ती पहाटे अंधारात निघून दोन बसेस बदलून येते, परत जाताना कमरेला ती औषधाची बाटली 46 तास थेंब थेंब चालू आणि बसमध्ये उभी. सोबत येणाऱ्याचा रोज बुडतो तो वेगळाच. औषधाचं कसंतरी होतं हो, हे गाडीभाड्याचं कोणी धरत नाही. म्हणून मी ठरवलं, फोंडा ते मिरामार तीसेक किलोमीटर, ओळखीतल्यांनी किलोमीटरमागे जमेल तेवढे पैसे द्यायचे आणि ते ह्या लोकांच्या प्रवासाला द्यायचे. एका मामांनी किलोमीटरला 11 रुपये लावले आणि वर 'नक्की किती झाले ते मोबाईलवर दाखव हां' म्हणाले. दाखवलं. दिले त्यांनी, कबूल केले तेवढे सगळे.

डॉक्टरनी रक्त तपासून, पेशी बघून, 'हळू जा, ऊन वाढायच्या आत पोच' म्हणून परवानगी दिली होती. घरातून विरोध होता. माझ्या नणंदेला नवऱ्याने कागद काढून दाखवला, 2025 च्या जूनमध्ये ह्याच कॅन्सरच्या 889 पेशंटांवरचा मोठा अभ्यास छापून आला, केमो संपल्यावर तीन वर्षं नेमाने व्यायाम करणाऱ्यांत पाच वर्षांनी 80 टक्के लोक रोग न उलटता होते आणि नुसती माहितीपत्रकं मिळालेल्यांत 74 टक्के. नणंद म्हणाली, 'ते केमो संपल्यावर. हिची चालू आहे.' तिचं बरोबर होतं, म्हणूनच आम्ही पुढे वाद घातला नाही. दुसरीकडे एक चुलत दीर, तो म्हणाला पर्रीकर साहेबांनी नाकात नळी घालून बजेट मांडलं, तुला तीस किलोमीटर काय जड! अहो, असं बोलून माणसाला धीर येतो असं ह्या लोकांना कोणी सांगितलंय? ते मुख्यमंत्री होते, मी शिवणक्लास चालवते. मला कोणासारखं व्हायचं नव्हतं, मला फक्त मिरामारला पोचायचं होतं.

आता ज्यांच्यावर राग आहे तेही लिहिते, नाहीतर तुमचं मोल कळणार नाही.

पहिले ते डॉक्टर, ज्यांनी माझं रक्त पडणं पाच महिने मूळव्याध म्हणून मलमावर काढलं. तपासून बघितलंसुद्धा नाही. 'इसबगोल घ्या, तिखट कमी करा.' शेवटी दुसऱ्या डॉक्टरनी कोलोनोस्कोपी सांगितली तेव्हा गाठ दिसली. (वाचणाऱ्यांनो, शौचातून रक्त पडत असेल तर लाजून किंवा मूळव्याध समजून गप्प बसू नका, कोणीतरी नीट तपासेपर्यंत मागे लागा. एवढं एकच सांगणं.)

दुसरे ते सायकलवाले. नाव घेत नाही, वाचलं की त्यांना कळेलच. दोन महिने माझा टकलाचा फोटो त्यांच्या बॅनरवर, खाली 'फायटर'. टीशर्टवर कोणाचा लोगो मोठा ह्यावर तीन मिटिंगा. मागून सपोर्टची गाडी येणार, त्यात गरम पाणी, एक नर्स, जास्तीची सायकल, सगळं कबूल. आणि रविवारी पहाटे साडेपाचला मेसेज, 'सॉरी ताई, गाडीचं जमत नाहीये, यू कॅन डू इट', पुढे दंडाचे तीन इमोजी. बरोबर निघालेले चार जण फर्मागुडीचा चढ चढेपर्यंत दिसेनासे झाले, त्यांच्या सायकली लाखाच्या, त्यांना माझ्यासाठी हळू चालवणं जमत नाही म्हणे, पायात गोळे येतात. नवरा आणि मुलगी मिरामारला थांबलेले, गाडी आहे म्हणून मीच त्यांना तिकडे पाठवलं होतं आणि मेसेज आल्यावरही त्यांना कळवलं नाही. तो माझा हट्ट, त्याचं खापर कोणावर फोडत नाही.

म्हार्दोळ, मंगेशी बरी गेली. देवळाकडे फुलवाल्या बसायला लागल्या होत्या, सायकलवरच्या एका पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, पों पों करत मला ओव्हरटेक केलं, मागे पावाचा एवढा मोठा टोपला आणि तरी माझ्या पुढे, हसूच आलं. पण धुकं होतं आणि बोटं जड व्हायला लागली होती. माझे ग्लोव्हज अर्ध्या बोटांचे. दिसायला छान म्हणून घेतलेले, ही अक्कल माझीच. कुंडई सोडून भोमकडे उतार लागला आणि ब्रेक दाबायला गेले तर धातूला बोटं लागल्याबरोबर वीज गेल्यासारखी कळ, हात आपोआप सुटला. सायकल सुसाट. परत धरला, परत सुटला. शेवटी चप्पल घासावी तसा बूट रस्त्याला घासत कशीबशी थांबवली, मग पुढे बरंच अंतर चालत ढकलत आणली आणि त्या मोरीवर येऊन बसले. पाय ठीक होते, दमही होता, आणि दोन बोटांच्या रुंदीच्या ब्रेकमुळे माझं सगळं संपलं होतं. अर्ध्याहून जास्त रस्ता बाकी.

तेव्हा तुम्ही आलात. मागचं गिऱ्हाईक उतरवून परत फिरला होता. 'बाये, कितें जालें? चेन गेली?'

मी म्हटलं, ब्रेक थंड आहे. एवढंच. ऐकणाऱ्याला वेडेपणाच वाटेल. ब्रेक थंड आहे म्हणून चाळीशी उलटलेली बाई रडते?

तुम्ही हसला नाहीत. गाडी स्टँडवर लावली, सायकलपाशी आलात, आणि चहाचा ग्लास धरावा तसे दोन्ही ब्रेक दोन्ही मुठींत धरून उभे राहिलात. बोलणं नाही काही नाही. एखादा मिनिट गेला असेल, मला फार मोठा वाटला. समोरून कदंबा बस गेली, तिच्या ड्रायव्हरने तुम्हाला हात केला, तुम्ही मुठी न सोडता नुसती मान हलवलीत. मग म्हणालात, 'लोखण राती थंड जाता, ताका कोण कितें करतलो?'

काका, ह्या वाक्यासाठी हे पत्र. (ब्रेक लोखंडाचा नसतो, ॲल्युमिनियमचा असतो, हे मला नंतर नवऱ्याने सांगितलं, त्याला मी गप्प बसवलं.) पाच महिन्यांत मला प्रत्येकाने माझ्या शरीरात काय बिघडलंय ते सांगितलं होतं. कोणी म्हणालं टेन्शन घेतलंस म्हणून झालं, कोणी म्हणालं बाहेरचं खाल्लंस म्हणून, कोणी मागच्या जन्मावर गेलं. तुम्ही पहिले की ज्यांनी दोष लोखंडाला दिला. थंड लोखंड झालंय, मी नाही बिघडले. इतकं हलकं वाटलं मला!

मग तुम्ही सीटखालून गाडी पुसायचा पिवळा फडका काढलात, तो दातांनी फाडून दोन केलात आणि एकेका ब्रेकला गुंडाळून अशी गाठ मारलीत की लिव्हर दाबला तरी सरकू नये. एकदा स्वतः दाबून बघितलंत. थोडा पेट्रोलचा वास येत होता, केमोत वास सहन होत नाहीत मला, भाताचाही होत नाही, पण तो चालला.

आणि मग मिरामारपर्यंत मागे. मी म्हटलं तुमचा धंदा बुडेल, तर म्हणालात भाडं घेणार. बरं वाटलं ऐकून, खरंच. फुकट म्हणाला असतात तर मी तिथूनच परत फिरले असते. पुलावरून जाताना खाली कुंभारजुव्याच्या खाडीकडे बोट दाखवून 'मगर आसात थंय, पडूं नाका' म्हणालात, तो विनोद होता की सूचना ते मला अजून कळलेलं नाही. जुन्या गोव्याला गाड्यावरचा गरम चहा आणून दिलात, कागदी कप बोटांना फार छान लागतो. तिथून निघताना मी सायकलकडे वळले तर तुम्ही आधीच ब्रेक मुठीत धरून उभे. रायबंदरला परत तेच. फडका बांधलेला होता, तशी आता गरज नव्हती, तरी प्रत्येक थांब्यावर आधी तुमचे हात आणि मग माझे.

रायबंदरचा तो बांध मी आयुष्यात शेकडो वेळा बसने पार केला असेल, पोर्तुगीजांनी 1633-34 च्या सुमारास घातलेला, तीन किलोमीटरहून थोडा जास्त, शाळेत पाठ केलेलं. त्या दिवशी तो संपता संपेना. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं, पाण्यावरून गार वारा, आणि पाठीमागे तुमच्या गाडीचा पहिल्या गिअरमधला आवाज. गरम होऊन बंद पडेल अशी भीती मला वाटत होती, तुम्हाला नसेल वाटली. मागून हॉर्न देणाऱ्या टुरिस्टांच्या रेंट-अ-कारना तुम्ही हात दाखवून बाजूने काढत होता. सपोर्टची गाडी, सपोर्टची गाडी म्हणून दोन महिने ज्याच्या मिटिंगा झाल्या ते हेच ना शेवटी? एक माणूस मागे आहे, आणि तो घाई करत नाही.

मिरामारला पोचल्यावर ते चार जण फोटो काढून झालेले, मेडल घालून उभे. बॅनरवाले पण होते, त्यांनी मला मध्ये ओढलं. त्या गडबडीत तुमच्याकडे यायला वेळ लागला. तुम्ही गाडीवरच बसून होता. भाडं विचारलं, आकडा सांगितलात, मी जास्तीची नोट पुढे केली तर खिशातून सुटे काढून, मोजून परत दिलेत. माझी मुलगी म्हणाली अंकल, एक सेल्फी. तुम्ही म्हणालात नको, पणजीहून बाणस्तारीला गिऱ्हाईक मिळतं का बघतो. आणि गेलात.

पैसे जमले ते पोचवले, ज्यांना द्यायचे त्यांना. सत्तरी तालुक्यातली ती बाई आता केमोच्या दिवशी दारापर्यंत रिक्षा घेते. तिला मी फडक्याची गोष्ट सांगितली, तर तिने दुसऱ्या दिवशी घरातल्या पातेल्यांच्या कानांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या, तिची पण बोटं तशीच आहेत.

माझी दहावी झाली, दोन राहिल्या. बोटं अजून बधिरच आहेत, डॉक्टर म्हणतात सुधारायला महिने लागतील, थोडं कायमचंही राहू शकतं. सायकल सध्या बंद, पायरीखाली उभी आहे. फडक्याचे दोन्ही तुकडे सोडवून धुतले, वाळवले आणि मशीनवर बसून मधोमध जोडून शिवले, टीप थोडी वाकडी गेलीय, सुई नीट दिसते पण कापड हाताला कळत नाही. तुमची वस्तू आहे, परत द्यायचीय. पुढच्या गुरुवारी बाणस्तारीचा बाजार आहे, दहाच्या सुमाराला मी आणि मुलगी येऊ, पुलाच्या अलीकडे थांबू. ह्या वेळी डोक्याला हेल्मेट नसेल, निळा स्कार्फ असेल. गिऱ्हाईक असलं तर आधी ते सोडून या, आम्ही थांबतो.