आधी प्रमाण सांगा, मग भांडा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

गाडीच्या निगेची उत्पादने हा विषय निघाला की इंटरनेटवर गाडीवेडे हमरीतुमरीवर येतात. एक म्हणतो, अमुक शाम्पूने रंगावरचे कोटिंग (संरक्षक थर) धुऊन गेले. दुसरा म्हणतो, तोच शाम्पू वर्षभर वापरतोय, काडीचाही फरक नाही. तिसरा दोघांनाही अडाणी ठरवून चौथ्याच बाटलीचे नाव पुढे करतो. वृत्तपत्रांच्या वाहनविषयक पुरवण्यांतही उत्पादनांचा परिचय बऱ्याचदा 'चमक उत्तम, किंमत जास्त, पाचपैकी चार तारे' एवढ्यावर आटोपतो. यातली बहुतेक भांडणे मुळात उत्पादनाची नसतात. दोघांनी ते वेगळ्या प्रमाणात, वेगळ्या तापमानाला, वेगळ्या पृष्ठभागावर वापरलेले असते आणि यातले एकही अक्षर कोणी लिहिलेले नसते.

सर्वांत मोठा घोळ पातळ करण्याच्या प्रमाणाचा. बाटलीवर '१:१०' असते. कोणी १ भागात १० भाग पाणी घालतो, कोणी एकूण १० भाग करतो. १ लिटर मिश्रणात पहिल्याचे ९१ मिलि उत्पादन जाते, दुसऱ्याचे १००. हा फरक सोडून देता येईल. फोम लान्सच्या, म्हणजे प्रेशर वॉशरला जोडून गाडीवर फेस मारणाऱ्या नळीच्या, बाबतीत मात्र प्रमाणाकडे असे दुर्लक्ष करून चालत नाही, कारण लान्स बाटलीतले मिश्रण प्रेशर वॉशरच्या पाण्यात आणखी पातळ करते. बाटलीत १०० मिलि शाम्पू आणि ९०० मिलि पाणी आहे असे धरा. बाटली रिकामी होईपर्यंत नोझलमधून एकूण १० लिटर बाहेर पडले, तर गाडीवर पोहोचलेला शाम्पू १ टक्का. दुसऱ्याची लान्स तेवढ्याच बाटलीत २० लिटर काढत असेल, तर अर्धा टक्का. उत्पादन तेच, बाटलीतले प्रमाण तेच, पण गाडीवरची ताकद निम्मी. मग एकाला तो फोम 'जबरदस्त' वाटतो आणि दुसऱ्याला 'नुसता फेस'.

हे मोजणे अवघड नाही. लान्सच्या बाटलीत साधे १ लिटर पाणी भरावे, नोझल मोठ्या बादलीत सोडावे आणि बाटली संपेपर्यंत जमलेले पाणी मोजावे. ते १२ लिटर भरले, तर १ टक्क्यासाठी बाटलीत १२० मिलि शाम्पू लागेल. लान्सची खुंटी फिरवली की आकडा बदलतो, म्हणून खुंटी जिथे होती तिथे खूण करून ठेवावी. इतके केले तरी फोमविषयीचे निम्मे वाद बंद पडतील.

पाण्याने न खळाळता करायच्या, म्हणजे रिन्सलेस धुलाईची गत याहून वाईट. यातल्या अनेक उत्पादनांचे नेहमीचे प्रमाण १:२५६ असते, म्हणजे लिटरला साधारण ४ मिलि आणि १० लिटरच्या बादलीला ४० मिलि. लोक 'दोन झाकणे' ओततात. झाकण किती मिलिचे, ते विचारू नये. जास्त झाले की काचेवर आणि काळ्या रंगावर तेलकट रेघा राहतात, कमी झाले की वंगण कमी पडून कापडाबरोबर धूळ घासली जाते. दोन्ही वेळी शिव्या बाटलीलाच बसतात.

पुढचा वाद पीएचचा, म्हणजे द्रव किती आम्ल वा अल्कधर्मी ते सांगणाऱ्या आकड्याचा (७ म्हणजे न्यूट्रल). 'पीएच न्यूट्रल' हे शब्द हल्ली सुरक्षिततेचा शिक्का असल्यासारखे वापरले जातात. हा आकडा बाटलीतल्या मूळ द्रवाचा की पातळ केल्यानंतरचा, हे मात्र कोणी सांगत नाही. पीएचची मोजपट्टी लॉगरिदमिक आहे. साधे अल्कधर्मी द्रावण दहापट पातळ केले तर पीएच सुमारे एकानेच उतरतो. म्हणजे १२ पीएचचा जोरदार क्लीनर १:१० केला, तरी तो ११ च्या आसपास राहतो. ज्यात बफर (पीएच स्थिर ठेवणारा घटक) घातलेला असतो, तो तेवढाही उतरत नाही. असा क्लीनर शाबूत क्लिअर कोटवर (रंगावरच्या पारदर्शक थरावर) दोन मिनिटे राहिला आणि नीट धुतला गेला तर सहसा काही बिघडत नाही. तोच गरम बोनेटवर वाळला, किंवा उघड्या अॅल्युमिनियमच्या पट्टीवर राहिला, तर डाग कायमचा. अॅल्युमिनियमला तीव्र आम्लही चालत नाही आणि तीव्र अल्कलीही. तेव्हा पीएचबरोबर किती मिनिटे, किती गरम पॅनलवर (बोनेट, दार अशा भागावर) आणि कशावर, हे सांगितले नाही तर त्या आकड्याला अर्थ नाही.

भांड्यांच्या साबणाचे उदाहरण बोलके आहे. 'भांड्यांचा साबण वॅक्स उतरवतो' हे वाक्य इतक्या वेळा उगाळले गेले आहे की त्याची शहानिशा कोणी करत नाही. असे बरेच साबण न्यूट्रलच्या जवळपासचे असतात. धुतल्यावर वॅक्सवर दिसणारे पाण्याचे मणी, म्हणजे गोल थेंब, दिसेनासे होतात, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते की साबणातल्या सर्फॅक्टंटचा (मळ सोडवणाऱ्या घटकाचा) पातळ थर वॅक्सवर राहून जातो. भरपूर पाण्याने पुन्हा खळाळले की मणी परत येऊ शकतात. म्हणून तो साबण वापरावा असे नाही. त्याला गाडीच्या शाम्पूसारखे वंगण नसते, ओरखडे पडतात ते त्यामुळे. न वापरण्याचे कारण बरोबर आहे, पण लोक भांडतात भलत्याच कारणावरून.

आता मण्यांविषयीच. पाण्याचे टपोरे मणी म्हणजे उत्तम संरक्षण, असे समीकरण जाहिरातींनी रुजवले आणि भांडणाऱ्यांनी ते डोळे मिटून उचलले. मणी सांगतात ती फक्त पृष्ठभागाची ऊर्जा, म्हणजे पाणी त्याला किती धरून राहते तेवढे. थेंब पृष्ठभागाशी ९० अंशांहून मोठा कोन करतो, तेव्हा तो मण्यासारखा दिसतो. ताज्या वॅक्सवरही हे होते, सिरॅमिक कोटिंगवरही होते आणि नुसत्या स्प्रे-सीलंटवरही (फवारून लावायच्या संरक्षक थरावरही). त्यावरून थर किती जाड, किती टिकाऊ, ऊन किती अडवतो, यांपैकी काहीच कळत नाही. उलटही खरे आहे. कोटिंगवर धूळ, डांबराचा धूर आणि क्षार बसले की मणी बंद होतात, पण खालचे कोटिंग शाबूत असते. अशा वेळी लोक कोटिंग 'मेले' म्हणून जाहीर करतात. आधी अल्कधर्मी क्लीनरने धुवावे, क्षार असतील तर त्यासाठीचा आम्लयुक्त क्लीनर वापरावा, खळाळावे आणि मग पाहावे.

वॅक्स किंवा सिलिका घातलेल्या शाम्पूने गाडी धुऊन 'माझे कोटिंग अजून कसे झकास मणी करते' असे व्हिडिओ टाकणाऱ्यांनी तर कमालच केली. तिथे परीक्षा कोटिंगची नव्हे, कालच्या शाम्पूची झालेली असते.

मण्यांचा एक तोटाही आहे. कठीण पाणी उन्हात मण्यांच्या रूपात वाळले की प्रत्येक मण्यातला चुना एकाच ठिपक्यात गोळा होतो. पसरून वाळणाऱ्या पाण्यापेक्षा हे डाग ठळक आणि चिवट असतात. कोटिंग केलेली काळी गाडी भर उन्हात धुऊन न पुसता सोडणे म्हणजे डाग विकत घेणे.

कोटिंगच्या जाहिरातीतल्या 'नाइन-एच'वरून तर सुतावरून स्वर्ग गाठला जातो. ९एच ही पेन्सिलची कठीणता आहे. ठरावीक पेन्सिल ४५ अंशांत धरून ७५० ग्रॅम भाराने थरावरून सरकवतात आणि थराला खोच पडली का, ते पाहतात. आयएसओ १५१८४ या मानकातली मोजपट्टी ९बीपासून ९एचपर्यंत जाते. खनिजांच्या मोह्स मोजपट्टीशी तिचा संबंध नाही. तरीही 'हिरा १०, आमचे कोटिंग ९' असे बिनदिक्कत लिहिले जाते. पेन्सिलीत असते ग्रॅफाइट आणि माती. रस्त्यावरची वाळू असते क्वार्ट्झ, मोह्सवर ७. शिवाय कोटिंगची जाडी सहसा १-२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्याखालचा क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉन आणि तोही तुलनेने मऊ. कोटिंग काचेवर लावून तपासले, तर आकड्यात खालच्या काचेचाही वाटा असतो. दगडाचा टोला अडवायचा असेल तर १५०-२०० मायक्रॉनची पेंट प्रोटेक्शन फिल्म (रंगावर चिकटवायची पारदर्शक प्लास्टिकची फिल्म) लागते. कोटिंग त्या कामाचे नाही आणि नाही म्हणून ते फसवे असेही नाही. पक्ष्यांची विष्ठा, क्षार, रसायने यांना ते काही काळ थोपवते आणि धुणे सोपे करते. बोनेटवर लायटरचे इंधन पेटवून दाखवणाऱ्यांबद्दल एवढेच, की कोटिंग नसलेला पत्राही थोडा वेळ तग धरतो, कारण धातू उष्णता झटकन पसरवतो. घरी करून पाहू नये.

'अमक्या पॉलिशने ओरखडे गेले, दोन धुण्यांत परत आले' या तक्रारीवर दोन तट पडतात. पॉलिश खोटे की धुणारा आडदांड? बहुधा तिसरेच कारण असते. अनेक पॉलिशमध्ये तेले आणि ओरखडे बुजवणारे घटक असतात. ते ओरखड्यात बसतात, प्रकाश सरळ परत जातो, ओरखडा दिसत नाही. काही धुण्यांत ते निघून जातात. म्हणून पॉलिशनंतर निवाडा करण्याआधी पॅनल वाइपने (तेल उतरवणाऱ्या द्रवाने), किंवा पाण्यात २० टक्क्यांच्या आसपास पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि एकाच बिंदूतून येणाऱ्या प्रकाशात, म्हणजे टॉर्च तिरका धरून, बघावे. ढगाळ हवेत काढलेल्या 'नंतरच्या' फोटोवर विश्वास ठेवू नये. ढगाळ उजेड सगळे ओरखडे झाकतो.

कापणाऱ्या कंपाउंडचे (ओरखडे घासून काढणाऱ्या खरखरीत पॉलिशचे) कौतुक करणाऱ्यांनी एक हिशेब लक्षात ठेवावा. क्लिअर कोट परत वाढत नाही आणि प्रत्येक कंपाउंडिंगमध्ये त्याचा थोडा भाग जातो. नेहमीचा जाडीमापक दाखवतो ती प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट यांची एकत्र जाडी. १२० मायक्रॉन आकडा आला म्हणून क्लिअर कोट भरपूर आहे असे होत नाही. कडा आणि पॅनलवरच्या उंच घड्यांवर थर मुळातच पातळ असतो, पॉलिशच्या रोटरी मशिनने रंग जळतो तो तिथेच. तिथे मास्किंग टेप लावावी किंवा मशिन बाजूला ठेवून हाताने काम करावे.

टायर ड्रेसिंगने (टायर काळेभोर दिसावा म्हणून लावायच्या द्रवाने) टायर तडकतो की नाही, यावर पानेच्या पाने लिहिली जातात. तपकिरीपणाचा दोषही ड्रेसिंगवर ढकलला जातो. खरे तर रबर ओझोनने तडकू नये म्हणून त्यात मिसळलेली रसायने हळूहळू वर येतात आणि हवा लागून तपकिरी होतात. म्हणजे टायर आपले काम करत असतो. क्लीनर लावून ताठ ब्रशने घासावे, फेस तपकिरी न राहता पांढरा येईपर्यंत पुन्हा घासावे, पूर्ण वाळू द्यावे आणि मगच ड्रेसिंगचा पातळ हात द्यावा. उरलेले पुसून काढले नाही तर ते दारांवर उडते. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर मात्र कुठलेही ड्रेसिंग चुकूनही लावू नये.

कातड्याच्या सीटचा वाद एका थेंबात मिटतो. पाण्याचा थेंब तसाच राहिला, तर कातड्यावर रंगाचा आणि पॉलियुरेथेनचा थर आहे. महागडे कंडिशनर आत मुरणार नाही, सीट नुसती निसरडी होईल. थेंब शोषून तिथे गडद डाग पडला, तर कंडिशनरला अर्थ आहे.

हेडलाइटवर टूथपेस्ट चालते का? चालते, काही आठवडे. पिवळा पडलेला असतो तो पॉलिकार्बोनेटवरचा कारखान्यातला अतिनील-रोधक थर. टूथपेस्ट तो थोडा घासून काढते आणि प्लास्टिक उघडे टाकते. १०००, २०००, ३००० असा पाण्याचा सॅंडपेपर, मग पॉलिश आणि त्याच दिवशी अतिनील-रोधक क्लिअर, एवढे केल्याशिवाय ते टिकत नाही.

एका गोष्टीवर मात्र फारसे कोणी भांडत नाही, आणि ती भांडण्याजोगी आहे. चाकांचे काही झटपट क्लीनर आणि पाण्याचे डाग काढणारी काही द्रावणे फ्लोराइड असलेल्या आम्लांवर चालतात. घटकांत 'बायफ्लोराइड' किंवा 'हायड्रोफ्लोरिक' दिसले, तर काचेवर कायमचा धुरकट डाग पडण्याची भीती असतेच. त्याहून गंभीर म्हणजे त्वचेला लागल्यावर वेदना उशिरा जाणवू शकते, तोवर इजा खोल गेलेली असते. चमक किती आली यापेक्षा हे आधी लिहायला हवे.

आपल्या पुरवणीला विनंती अशी, की कोणत्याही उत्पादनाबद्दल छापताना निदान पाच गोष्टी द्याव्यात. पृष्ठभागावर आधी काय लावलेले होते, पातळ करण्याचे प्रत्यक्ष प्रमाण, पॅनल किती गरम होते, पाणी कठीण की मऊ आणि द्रव किती मिनिटे ठेवला. तुलना करायची तर बोनेट पॉलिश करून तेल पुसून घ्यावे, टेपने तीन पट्टे करावेत, डाव्यावर एक उत्पादन, उजव्यावर दुसरे, मधला कोरा. तिन्ही पट्टे एकाच शाम्पूने, एकाच दिवशी धुवावेत. त्या शाम्पूत वॅक्स किंवा सिलिका नसावी. फोटो दर वेळी त्याच टॉर्चखाली, त्याच कोनातून. मधला कोरा पट्टा महत्त्वाचा, कारण कधी कधी तोही तितकाच चांगला निघतो. आणि दुसऱ्या चाचणीत डावे-उजवे अदलाबदल करावे. गाडी रोज एकाच कुशीवर उन्हात उभी राहत असेल, तर उन्हाकडची बाजू हरते आणि दोष बाटलीच्या माथी येतो.

आपला,
एक वाचक