नव्या प्रजातीची बातमी छापताना एवढे जरूर विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ध्रुवीय प्रदेशातल्या मातीत सायनोबॅक्टेरियाची, म्हणजेच नील-हरित शैवालाची, नवी प्रजाती सापडल्याच्या बातम्या हल्ली मराठी वृत्तपत्रांतही येतात. त्या याव्यातच. पण बहुतेक बातम्यांत एक हिरवा फोटो आणि ‘डीएनए चाचणीने सिद्ध’ एवढेच शब्द असतात. ते वाचून प्रकल्पाला आलेली मुले जांभोटी-कणकुंबीकडच्या सड्यावरून काळा थर खरवडून आणतात आणि महिन्याभरात नवे नाव द्यायला निघतात. त्यांचा उत्साह मोलाचा आहे. तो वाया जाऊ नये म्हणून नवी प्रजाती कशी ठरते आणि गाडी कुठे अडते, ते मांडत आहोत.

अंटार्क्टिकात दिसली माती की उचलली, असे चालत नाही. भारतीय अंटार्क्टिक कायदा, २०२२ नुसार परवाना लागतो. मैत्री केंद्राभोवतीचा शिर्माकर परिसर किंवा भारती केंद्राजवळच्या लार्समन टेकड्या अशा बर्फमुक्त जागी शैवाल मातीच्या अगदी वरच्या थरात असते, कारण त्याला उजेड हवा. म्हणून निर्जंतुक चमच्याने वरचा अर्धा ते एक सेंटीमीटर थरच घ्यायचा. खोल खणले की शैवाल कमी आणि वाळू जास्त हाती लागते. दर नमुन्याला नवा चमचा, वेगळी पिशवी आणि जागेची, ओलाव्याची, सामूची नोंद हवी. बुटांच्या तळव्यांतून एका ठिकाणची माती दुसरीकडे जाते, तेव्हा बूटही पुसून घ्यायचे.

खरा घाम गाळावा लागतो तो वाण, म्हणजे एकाच पेशीपासून वा तंतूपासून वाढलेले शुद्ध शैवाल, वेगळा करताना. एक ग्रॅम माती नऊ मिलिलिटर निर्जंतुक द्रवात ढवळायची, दहापट-दहापट पातळ करत जायचे आणि ०.१ मिलिलिटर अगरच्या (जेलीसारख्या घट्ट थराच्या) थाळीवर पसरायचे. माध्यम, म्हणजे वाढीसाठीचे पोषक मिश्रण, साधारणपणे बीजी-११. त्यात लिटरमागे दीड ग्रॅम सोडियम नायट्रेट असते. हवेतला नत्र बांधणारे वाण हवे असतील तर नायट्रेट वगळून दुसरा संच लावायचा. थाळ्या ५, १० आणि १५ अंश सेल्सिअस अशा तिन्ही तापमानांना ठेवाव्यात. ध्रुवावरचा जीव म्हणून त्याला गोठणबिंदूजवळच ठेवायचे, हा समज चुकीचा आहे. यातले बहुतेक वाण थंडी सहन करतात, पण वाढतात १५ ते २० अंशांना अधिक जोमाने. उजेड मात्र मंद हवा, नाहीतर वसाहती पिवळ्या पडतात. पहिली हिरवी रेघ दिसायला तीन ते आठ आठवडे लागतात. बेळगावच्या एप्रिल-मेमध्ये वीज गेली, शीतपेटी बंद पडली आणि आतले तापमान ३० च्या वर गेले, की खोलीच्या धुळीतले क्लोरेलासारखे हिरवे शैवाल आणि बुरशी थाळी व्यापून टाकतात. म्हणून टेबलावर एक कोरी थाळी उघडी ठेवायची. त्या थाळीवर जे उगवेल ते आपल्या खोलीतले, ध्रुवावरचे नव्हे. बुरशी आणि हिरवे शैवाल आवरायला माध्यमात सायक्लोहेक्झिमाइड घालतात. ते विषारी आहे, हातमोजे घातल्याशिवाय हाताळू नये.

तंतुमय वाण स्वतःच आपल्याला मदत करतात. त्यांचे तंतू अगरवरून उजेडाच्या दिशेने सरकतात आणि घाण मागे पडते. पुढे गेलेल्या एकाच तंतूखालचा अगरचा बारीक तुकडा स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली कापून नव्या थाळीवर ठेवायचा. हे पुन्हा पुन्हा करावे लागते. दोन वाण मिसळलेले राहिले तर पुढचे सगळे काम फुकट जाते, कारण फोटो एकाचा आणि डीएनए दुसऱ्याचा निघतो.

मग मोजमाप. तेलभिंगाखाली किमान ३०-४० पेशींची लांबी-रुंदी, टोकाच्या पेशीचा आकार, तंतूभोवतीचे आवरण, पेशींच्या सांध्यावरची खाच, हेटेरोसिस्ट (हवेतला नत्र बांधणारी खास पेशी) आहे की नाही. हे सगळे मूळ जागेवरून आणलेल्या ताज्या नमुन्यात आणि थाळीवर वाढवलेल्या वाणात, दोन्हीकडे पाहायचे. भरपूर नायट्रेट मिळाले की हेटेरोसिस्ट दिसेनासे होतात. प्रयोगशाळेत वाढवताना आवरणही बऱ्याचदा पातळ होते. नोडोसिलिनिया हा वंश ज्या गाठींवरून ओळखतात, त्या मंद उजेडातच दिसतात. लख्ख दिव्याखाली वाढवला तर तो सरळ लेप्टोलिंगबिया या दुसऱ्या वंशासारखा दिसतो. एक-दोन मायक्रोमीटर रुंदीच्या तंतूंवर नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर नाव लावणे आम्हाला मान्य नाही.

डीएनएचा भागही वाटतो तितका सोपा नाही. चिकट आवरणामुळे पेशी फुटत नाहीत, म्हणून आधी काचेच्या मण्यांनी किंवा द्रव नायट्रोजनमध्ये चिरडावे लागते. फुटल्या तरी तो चिकटपणा डीएनएबरोबर येतो आणि पीसीआर (डीएनएच्या ठराविक तुकड्याच्या प्रती वाढवण्याची क्रिया) अडवतो. अशा वेळी डीएनए दहापट पातळ केला की बरेचदा काम होते. आवरणात इतर जिवाणू राहत असल्याने प्रायमर (कुठला तुकडा वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) सायनोबॅक्टेरियासाठीचेच वापरायचे. १६एस हे सगळ्या जिवाणूंत असणारे रायबोसोमचे जनुक आधी माहीत असलेल्या प्रजातीशी ९८.७ टक्क्यांहून कमी जुळले तर प्रजाती वेगळी असण्याचा दाट संभव. उलटे मात्र खरे नाही: ९९ टक्के जुळूनही दोन प्रजाती वेगळ्या असू शकतात. म्हणून १६एस आणि त्याच्या शेजारचे २३एस या जनुकांमधला आयटीएस हा डीएनएचा पट्टा वाचतात. त्यात ७ टक्क्यांहून अधिक फरक असेल तर वेगळी प्रजाती, ३ टक्क्यांहून कमी असेल तर तीच. मधल्या पट्ट्यात इतर पुरावे बघायचे.

इथे एक चूक वारंवार होते. एकाच पेशीत या पट्ट्याच्या एकाहून अधिक प्रती असतात. कधी एकीत दोन टीआरएनए (प्रथिने बनवायला मदत करणाऱ्या रेणूंची) जनुके असतात आणि दुसरीत एकही नसते. एका वाणाची एक प्रत आणि दुसऱ्याची दुसरी प्रत शेजारी ठेवली तर फरक प्रचंड दिसतो आणि नसलेली प्रजाती जन्माला येते. तुलना सारख्या प्रतींचीच हवी. डीएनएच्या अनुक्रमाच्या आलेखात शिखरांवर शिखरे चढलेली दिसली तर प्रती मिसळल्या आहेत असे समजून क्लोनिंग करावे, म्हणजे एकेक प्रत वेगळी करून वाचावी.

एवढे झाले तरी नाव लगेच मिळत नाही. सायनोबॅक्टेरियाची नावे प्रामुख्याने शैवाल, बुरशी व वनस्पतींच्या नामकरण नियमांनुसार देतात. त्यासाठी लॅटिन किंवा इंग्रजीत वर्णन, चित्र आणि नोंदलेल्या संग्रहालयात ठेवलेला आदर्श नमुना (ज्याला ते नाव कायमचे जोडलेले असते) लागतो. वाळवलेला किंवा फॉर्मॅलिनमधला नमुना चालतो. वाढती थाळी आदर्श नमुना म्हणून चालत नाही. तरीही जिवंत वाण सार्वजनिक संग्रहात ठेवायलाच हवा असे आमचे ठाम मत आहे, नाहीतर दुसऱ्या कुणाला पडताळा घेता येणार नाही.

घाईत दिलेले नाव किती काळ चिकटते, याचे उदाहरण अंटार्क्टिकातच आहे. १९११ मध्ये वर्णन केलेले फॉर्मिडियम मरेई वेगळ्याच वंशाचे आहे हे २०११ मध्ये स्पष्ट झाले आणि ते विल्मॉटिया या वंशात गेले. फॉर्मिडियम ऑटम्नेल २०१३ मध्ये मायक्रोकोलियसमध्ये गेले. दीर्घकाळ युरोपातल्या नमुन्यांवरची नावे ध्रुवावरच्या वाणांना लावली गेली आणि ‘हे तर जगभर आढळते’ असा समज पक्का झाला. आपल्याकडेही १९५९ चा देसिकाचारी यांचा नील-हरित शैवालांवरचा ग्रंथ उघडून जवळचे नाव लावायची सवय आहे. ग्रंथ थोर आहे, पण तो सूक्ष्मदर्शकाच्या काळातला आहे.

खानापूरच्या जांभ्यावर पावसाळ्यात फुगणारे आणि उन्हात काळ्या पापुद्र्यासारखे सुकणारे नॉस्टॉक कम्यून, हेच नाव आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांच्या ओल्या शेवाळ-कुरणांतही नोंदले जाते. तिथे न्यू-ऑलेसुंद इथे २००८ पासून भारताचे हिमाद्री केंद्र आहे. दोन्हीकडचा जीव खरोखर एकच आहे का, हे वरच्या पद्धतीने तपासायला ध्रुवावर जावेच लागते असे नाही. संग्रहांतले ध्रुवीय वाण मागवता येतात, त्यांचे अनुक्रम सार्वजनिक साठ्यात असतात आणि चोर्ला घाट उतरला की वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. सीमाभागातल्या महाविद्यालयांनी एम.एस्सी.च्या प्रकल्पाला नाव देण्याची सक्ती न करता एक शुद्ध वाण, पूर्ण मोजमाप आणि जतन केलेला नमुना एवढे मागावे. एका वर्षात तेवढे होते.

आणि संपादक महोदय, यापुढे अशी बातमी आली की वार्ताहराने तीन प्रश्न विचारावेत: आदर्श नमुना कुठल्या संग्रहालयात आहे, जिवंत वाण कुठे मिळेल, आयटीएस तपासला का? उत्तरे बातमीत छापावीत. मिळाली नाहीत तर ‘नवी प्रजाती’ऐवजी ‘संभाव्य नवी प्रजाती’ असे लिहावे.

आपले,
वनस्पतिशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्राचे काही अध्यापक,
खानापूर व बेळगाव