रविवारची बैठक : स्वीडनच्या दोघी बहिणी

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी आपली ऐकण्याची बैठक लातूरलाच, नेहमीच्या गच्चीवर. संध्याकाळी बरोबर साडेसहाला सुरू. मागच्या खेपेला 'निघालोच' म्हणणारे पावणेआठला पोचले, तसं नको.

या वेळी 'फर्स्ट एड किट'चा 'पॅलोमिनो' ऐकायचा आहे. स्टॉकहोमच्या योहाना आणि क्लारा सॉडरबर्ग या सख्ख्या बहिणींचा हा पाचवा अल्बम, 2022 चा. जुना कसला, आपल्यासाठी नवाच! महिनाभर माझ्या कानात दुसरं काही नाही. आपल्याकडं जात्यावर दोघी बसल्या की एकीनं ओवी धरायची, दुसरीनं तोच सूर उचलायचा. या दोघी मात्र एकाच वेळी दोन वेगळे सूर लावतात आणि तरी एकच गळा वाटतो. 'वाइल्ड हॉर्सेस टू' लागलं की डोळे मिटून फक्त खालचा आवाज पकडून बघा. शेवटचं 'पॅलोमिनो' तर मी सलग तीनदा लावलं, घरचे वैतागले.

- अकरा गाणी, मध्ये थांबायचं नाही. फोन बंद.
- हुरडा आहे, पण गाणी संपल्यावर. शेंगदाण्याची चटणी कोण आणणार ते शुक्रवारपर्यंत कळवा.
- सतरंजी, पाण्याची बाटली आपापली. गार वारं सुटतं, शाल असू द्या.
- लाइट गेली तर चार्जिंगचा स्पीकर आहे. ज्यांच्याकडं दुसरा असेल त्यांनी आणावा.
- घरी जात्यावरच्या ओव्या म्हणणारं कुणी असेल तर आई-आजीला जरूर घेऊन या. त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची.