कुकच्या जहाजावरचा तुपाया

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला कॅप्टन जेम्स कुकवरचा लेख आवडीने वाचला. कुकच्या चिकाटीबद्दल लिहिले ते योग्यच आहे. पण ‘एंडेव्हर’ जहाजावरच्या तुपायाची बोळवण ‘एक स्थानिक दुभाषा’ एवढ्यावर झाली, त्याचे नावसुद्धा आले नाही. मी मर्चंट नेव्हीत डेक ऑफिसर होतो, प्रशांत महासागरात ब्रिजवर रात्री जागवल्या आहेत. म्हणून हे मनाला फार लागले.

तुपाया ताहितीजवळच्या रायातेआ बेटावरचा पुजारी आणि पट्टीचा दर्यावर्दी. ३ जून १७६९ चे शुक्राचे अधिक्रमण (शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसणे) पाहून कुक जुलैमध्ये प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटाहून निघाला, तेव्हा तुपाया आणि तायाता नावाचा मुलगा जहाजावर चढले. कुक आधी राजी नव्हता. निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्सने तुपायाची जबाबदारी घेतली. कोणत्या विचाराने? शेजारीपाजारी वाघ-सिंह पाळतात, मग मी याला नवलाची चीज म्हणून ठेवले तर काय बिघडले, असे बँक्सने रोजनिशीत लिहून ठेवले आहे. आजही ते वाचवत नाही.

या माणसाने इंग्रजांना काय दिले ते पाहा. त्याने सांगितलेल्या माहितीवरून जहाजावर एक नकाशा तयार झाला. त्यावर ७४ बेटे आहेत, पूर्वेच्या मार्केससपासून पश्चिमेच्या रोटुमापर्यंत. बहुतेक बेटे युरोपीय नकाशांवर तोवर नव्हतीच. पुढे अभ्यासकांना त्यातली कित्येक बेटे भलत्याच दिशेला दिसली आणि दोष तुपायाच्या माथी आला. अलीकडे काही संशोधकांनी वेगळी उकल मांडली आहे: नकाशाच्या मध्याशी माध्यान्हीचा सूर्य आहे, म्हणजे उत्तर, आणि प्रत्येक बेटावरून पुढची दिशा त्या सूर्याच्या संदर्भाने मोजायची. मला हे पटते. ताहितीच्या अक्षांशावर वर्षाचा बहुतेक काळ दुपारचा सूर्य उत्तरेलाच असतो. आपल्या चौकटीतून पाहिले म्हणून तो नकाशा चुकीचा वाटला.

आमच्याकडे चार्ट, सेक्स्टंट, रडार, सगळे होते. तुपायाकडे होती ताऱ्यांची उगवती-मावळती ठिकाणे, दुरून येणाऱ्या लाटांची दिशा, पक्षी आणि पाठांतर. प्रवासात केव्हाही विचारा, ताहिती कुठल्या दिशेला आहे हे तो अचूक दाखवत असे, अशी नोंद आहे. हे ऐकीव कौतुक समजू नका. १९७६ मध्ये मायक्रोनेशियातल्या साताव्हाल बेटाच्या माऊ पियाईलुग यांनी ‘होकुलेआ’ ही जोडनौका होकायंत्राशिवाय हवाईहून ताहितीला नेऊन दाखवली.

ऑक्टोबर १७६९ मध्ये न्यूझीलंडला पहिल्याच दिवशी ‘ते मारो’ नावाचा माओरी, म्हणजे तिथला मूळ रहिवासी, इंग्रजांच्या गोळीने मेला. दुसऱ्या दिवशी नदीकाठी शस्त्रे घेऊन उभ्या असलेल्या माओरींशी तुपाया स्वतःच्या भाषेत बोलला आणि त्यांना ते समजले! तरी त्याही दिवशी आणखी माणसे मारली गेली, हे विसरता येत नाही. पण पुढच्या मुक्कामांत गाठीभेटी, देवघेव, पुजाऱ्यांशी चर्चा झाल्या त्या त्याच्यामुळे. माओरी आणि इंग्रज कापड व शेवंडाची अदलाबदल करताहेत, असे त्याने स्वतः काढलेले चित्रही उपलब्ध आहे.

१७७० च्या अखेरीस बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, आधी तायाता आणि पाठोपाठ तुपाया आजारपणात गेले. १७७३ मध्ये कुक पुन्हा न्यूझीलंडला आला तेव्हा किनाऱ्यावरच्या लोकांनी विचारले ते तुपायाबद्दल.

लेखमालेत पुढे मॅजेलन येणार आहे, असे कळते. त्याच्याबरोबर मलाक्काहून आणलेला गुलाम एन्रिके होता. १५२१ मध्ये फिलिपाइन्सच्या बेटांवर पहिले बोलणे त्याच्यामार्फत झाले. आपल्या मृत्यूनंतर त्याला मुक्त करावे, असे मॅजेलनने मृत्युपत्रात लिहिले होते. मॅक्तान बेटावर मॅजेलन मारला गेल्यावर सोबत्यांनी ते मानले नाही. लेखकाने एन्रिकेला निदान एक परिच्छेद द्यावा. आणि तुपायाच्या नकाशाची प्रत ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिचे चित्र पुरवणीत छापावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
मर्चंट नेव्हीतला एक निवृत्त अधिकारी