इंग्रजी शिकवायचंय? सरावपाठ किती, ते आधी विचारा

महोदय,

पदवीचे निकाल लागले की माजी विद्यार्थिनी घरी येतात. ‘बाई, इंग्रजी शिकवायचंय, कुठलं एम.ए. करू?’ बहुतेकींनी साहित्याच्या एम.ए.चा फॉर्म आधीच भरलेला असतो. साहित्य मलाही प्रिय आहे. पण परकी भाषा मुलांच्या तोंडी कशी रुळवायची, हे शेक्सपिअर वाचून येत नाही.

राज्यात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी हर्णैतल्या माझ्या वर्गातली मुलं धडा घडाघडा वाचतात आणि ‘आज जाळ्यात काय आलं?’ एवढंच इंग्रजीत विचारलं की माना खाली घालतात. बंदरावरच्या लिलावात मोठ्यांच्या बरोबरीने भाव बोलणारी मुलं ही! त्यांना बोलतं करणं हे शिकून घ्यायचं कसब आहे.

म्हणून मुलींनो, प्रवेशाआधी अभ्यासक्रम मागवून वाचा. खऱ्या वर्गावर, कुणाच्या तरी देखरेखीखाली किती तास शिकवायला मिळेल, ते विचारा. केंब्रिजच्या ‘सेल्टा’ या इंग्रजी अध्यापनाच्या छोट्या प्रमाणपत्रालाही सहा तासांचं प्रत्यक्ष अध्यापन तपासलं जातं. मग दोन वर्षांच्या पदवीत ते अजिबात नसेल, तर ती पदवी शिक्षकाच्या काय कामाची? हैदराबादच्या ‘इफ्लू’सारख्या, इंग्रजी आणि परकीय भाषांना वाहिलेल्या विद्यापीठाची माहितीही जरूर काढा. आणि शाळेतल्या नोकरीला नुसत्या एम.ए.वर भागत नाही, बी.एड., टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं बघावंच लागतं.

पण दापोली-गुहागरच्या किती मुलींना घरून हैदराबादला पाठवतील? इंग्रजी अध्यापनाचं सरावपाठांसह पदव्युत्तर शिक्षण मुंबई विद्यापीठाने रत्नागिरी उपकेंद्रात द्यावं, ही कळकळीची मागणी.

– एक शिक्षिका, हर्णै (ता. दापोली)